वरचीनं खरं बोलायचं

मी फळी बोलतेय. बागेतल्या सी-सॉची फळी. लाकूड बोलतंय म्हणून दचकू नका. दचकायचं खातं पहिल्यापासून माझ्याकडे आहे. कुणी मागून धावत आलं की मी जागच्या जागी ताठ होते, आणि माझा धंदाच असा, की येणारी सगळी धावतच येतात.

खरं तर मला जेवणाचं टेबल व्हायचं होतं. वखारीत पडल्या पडल्या मी सगळं ठरवून ठेवलं होतं. एका जागी उभं राहायचं, वर ताटं, खाली मांजर, जेवणं झाली की ओल्या फडक्यानं अंग पुसून घ्यायचं. याहून निवांत आयुष्य मला सुचत नव्हतं. पण सुतारानं मला बोटांनी टकटक करून पाहिलं, एक डोळा मिटून माझ्या कडेवरून नजर फिरवली आणि वखारवाल्याला म्हणाला, "टेबलाला नको ही. लांब आहे. बागेला देऊ."

मुलगी उंच आहे म्हणून तिला न विचारता बास्केटबॉलला घालतात, तसंच झालं हे माझं.

मग रंधा, मग दोन्ही टोकांना धरायच्या लोखंडी कड्या, मग गुलाबी रंग. बागेतल्या एका बुटक्या खांबावर मला मधोमध बोल्टनं बसवलं, आणि सुतार एका टोकावर हात टेकून म्हणाला, "झाली तयार." मी मुळीच तयार नव्हते. पहिलंच मूल येऊन बसलं, माझं एक टोक जमिनीला लागलं, दुसरं आभाळाकडे गेलं, आणि मला माझी सगळी अडचण कळली. मला उंचीची भीती वाटते आणि आपटायचीही. इतरांना यातली एकेक भीती एकेका वेळी वाटते. मला दोन्ही एकदम.

तरी सवय होते. मुलांची तर झालीच. काही मुलं चढण्याआधी पुढच्या मुलाला शपथ घालतात की मधेच उतरायचं नाही, आणि स्वतः मधेच उतरतात. काही जण कडी इतकी घट्ट धरतात की घरी जाताना तळव्याला गंजाचा वास घेऊन जातात. आणि आया! आया शेजारच्या बाकावरून नुसतं "हळू, हळू" म्हणत असतात. त्यांच्या त्या "हळू"नं आजवर कुणी हळू झालेलं मी पाहिलं नाही. पण एखादी आई "हळू" म्हणाली नाही, तर मूलच थांबून तिच्याकडे बघायचं.

सगळ्यांत माझ्या लक्षात राहिल्या त्या दोघी. एक ढब्बी आणि एक काडी. ही नावं मी ठेवलेली नाहीत, त्यांनीच एकमेकींना दिली होती आणि दोघींनाही ती आवडत होती. ढब्बी गोल गरगरीत, गालांवर कायम काहीतरी खाल्ल्याची खूण. काडी इतकी बारीक की ती बसली आहे की तिचं दप्तर, हे मला वजनावरून कळायचं नाही.

आता अशा दोघी समोरासमोर बसल्यावर काय होणार? ढब्बी खाली, काडी वर. ढब्बीनं पायांनी रेटा दिला की काडीला क्षणभर जमीन दिसायची, की पुन्हा वर. एकदा काडी तशी लटकलेली असताना ढब्बीनं विचारलं, "काल माझ्या चित्रातल्या हत्तीला मिशा कुणी काढल्या?"

"मला काय माहीत!"

"मग बस तिथंच."

ढब्बी खाली मांडी घालून बसावं तशी बसली आणि चिंचोके मोजू लागली. वरून काडीचे पाय हलत होते. थोडं रडून झालं, थोड्या शिव्या देऊन झाल्या, आणि मग ती बारीक आवाजात म्हणाली, "मीच काढल्या. पण छान दिसत होत्या."

त्या दिवसापासून नियम झाला. वरचीनं खरं बोलायचं. खरं बोलेपर्यंत खालचीनं उठायचं नाही. नियम दोघींना सारखाच होता, पण वर नेहमी काडीच असायची. त्यामुळे काडीचं सगळं ढब्बीला ठाऊक झालं. कुणाची भीती वाटते, गणितात किती मिळाले, अंधारात कुणाचं नाव घेते, सगळं. ढब्बीचं मात्र कुणालाच काही कळलं नाही. काडीनं खूप प्रयत्न केले. दप्तरात विटा भरून आणल्या. एकदा तर दोन स्वेटर घालून आली, भर उन्हाळ्यात. पण ढब्बी ती ढब्बी.

पुढे त्या मोठ्या झाल्या. मुलं मोठी होतात ते मला कळतं. आधी ती गुडघे दुमडून बसायला लागतात, मग येऊन माझ्यावर नुसता पाय ठेवून बुटाची नाडी बांधतात, आणि मग येत नाहीत.

मग बागेत प्लास्टिकची बोगद्यासारखी घसरगुंडी आली आणि मुलांची रांग तिकडे गेली. माझ्याकडे उरली मोठी माणसं. परीक्षेचा अभ्यास करणारा एक जण माझ्या खालच्या टोकावर बसून पाठ करायचा आणि पाठ होईना की माझ्यावर डोकं आपटायचा. एक जोडपं यायचं. तो एका टोकाला, ती दुसऱ्या, आणि मी मधे आडवी. भांडण कशावरून आहे हे मला कधी कळलं नाही, कारण ती दोघं बोलतच नसत.

आणि एक साहेब यायचे, पोट कमी करायला. एका दुपारी त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, माझ्या टोकावर दोन्ही पायांनी उभे राहिले आणि उड्या मारायला लागले. तिसऱ्या का चौथ्या उडीला माझ्या आत 'कट्' असं झालं. साहेब खाली उतरले, पुन्हा इकडेतिकडे पाहिलं आणि घराकडे निघाले. इतक्या भराभर चालताना मी त्यांना पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी त्यांचा व्यायाम उत्तम झाला.

मला मात्र खालच्या बाजूनं, कडीपाशी, चीर पडली. केसाएवढी. पुढच्या खेपेला बागेला रंग देणारे रंगारीकाका आले, गाणं गुणगुणत त्यांनी माझ्यावर रंग फिरवला, आणि चीर रंगाखाली गेली. दिसत नाही म्हणजे नाहीच, असं मी स्वतःला बजावलं. मुलांच्या वजनाला आपण पुरू, हेही बजावलं. रोज सकाळी बजावायचे. रोज बजावावं लागायचं, यावरून काय ते समजा.

तेवढ्यात एक चांगली गोष्ट घडली. बागेच्या भिंतीपलीकडच्या घरात पाळणाघर निघालं, आणि ते चालवणारी मावशी पहिल्याच दिवशी मुलांची फौज घेऊन बागेत आली, सरळ माझ्याकडे चालत आली आणि माझ्यावर थाप मारून म्हणाली, "आहेस का अजून?"

मी दचकले. पण आवाज ओळखीचा होता. काडी!

काडी म्हणायची आता सोय नव्हती. छान भरली होती, दंड, गाल, हसणं, सगळंच ऐसपैस झालं होतं. ती रोज मुलांना माझ्यावर बसवायची आणि स्वतः मधे उभी राहून हातानं वरखाली करायची. स्वतः कधी बसली नाही. समोर बसायला कुणी नव्हतं.

असे बरे दिवस चालले होते, तोवर तो लाल रंगाचा डबा बागेत आला.

दुपारची वेळ. बाग रिकामी. रंगारीकाका आले, पण या वेळी त्यांच्या डब्यात गुलाबी नव्हता, लाल होता, आणि मागून एक बाई येत होत्या. कडक इस्त्रीची पँट, डोक्यावर पिवळं हेल्मेट, कंबरेला मोजपट्टी. बागेत हेल्मेट कशाला, असं मला वाटलं. वरून पडलं तर पान पडणार. पण बाईंनी घसरगुंडीला चहूबाजूंनी न्याहाळलं, झोक्याच्या साखळ्या ओढून पाहिल्या, आणि चालताना दोनदा स्वतःच्याच सावलीला वळसा घातला. मी म्हटलं, ही आपल्याच जातीची आहे. हिलाही सगळ्याची धास्ती आहे.

बाई उद्यान खात्याच्या तपासणी अधिकारी होत्या. त्यांची पद्धत साधी. जे ठेवायचं त्याला काही नाही. जे काढायचं त्यावर लाल फुली. फुली पडली की दुसऱ्या दिवशी टेम्पो येतो.

"काका, ह्याच्यावर फुली," बाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "सगळ्या बागांतले सी-सॉ मी काढायलाच लावते. धोकादायक प्रकार."

काकांनी कुंचला बुडवला. माझ्या मधोमध एक तिरकी रेघ ओढली. थंडगार. दुसरी रेघ ओढायला त्यांनी हात उचलला, आणि भिंतीवरून आवाज आला.

"ओ काका! हात खाली!"

काकांचा कुंचलाच खाली पडला. भिंतीवर मावशीचं डोकं दिसलं, मग नाहीसं झालं, आणि फाटकातून अख्खी मावशी आली. पाळणाघरातल्या मदतनीस ताईवर झोपलेली मुलं सोपवून ती अनवाणीच धावली होती.

"कुणी सांगितलं काढायला?" तिनं धापा टाकत विचारलं. आवाज खालचा, कारण मुलं झोपलेली. पण राग वरचा. त्यामुळे ती किटलीसारखी फुसफुसत होती.

"धोकादायक ते काढायचं, नियम आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी हेल्मेट उगाच पुढे ओढलं.

मावशी दोन पावलं जवळ गेली. वाकून हेल्मेटखाली पाहिलं.

"ढब्बी?"

मी गडबडले. कारण ढब्बीत आता ढब्बीपणाचं काही उरलेलं नव्हतं. नुसती उभी रेघ.

"मॅडम म्हण," बाई रंगारीकाकांकडे बघत पुटपुटल्या. "ड्यूटीवर आहे मी."

"बरं. ढब्बी मॅडम."

काका खाली वाकून कुंचला शोधायला लागले. कुंचला त्यांच्या पायाशीच होता. त्यांना तो बराच वेळ सापडला नाही.

"तुझी बदली ह्या भागात झाली, मला कळलं होतं," मावशी म्हणाली. "वाट बघत होते. आणि तू आलीस ती हिच्यावर फुली मारायला. माझी पोरं खेळतात हिच्यावर."

"पोरं खेळतात म्हणूनच काढायची. अशी फळी मोडली तर? कुणी आपटलं तर? रात्रभर झोप लागत नाही मला, माहितीये?"

"मोडेल का, ते तपासलंस?"

बाईंनी कंबरेची मोजपट्टी उगाच उघडली आणि मिटली.

"नियमात तपासायचं आहे की नाही?"

"आहे," बाई नाइलाजानं म्हणाल्या. नियमाबद्दल खोटं बोलणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. "दोन्ही टोकांना वाळूची पोती ठेवून बघायचं असतं. पण पोती... काका, पोती कुठायत?"

"मागच्या बागेत राहिली, मॅडम. तुम्हीच म्हणालात, घाई आहे."

"म्हणजे तपासल्याशिवाय फुली," मावशी म्हणाली. "नियम मोडला."

हे वाक्य बाईंना थोबाडीत मारल्यासारखं लागलं. त्या लालबुंद झाल्या. मग मावशीनं माझं एक टोक खाली ओढलं, त्यावर ऐसपैस बसली आणि म्हणाली, "पोती नाहीत तर नाहीत. मी आहे की. बस समोर. मोडली तर मार फुली, मी एक शब्द बोलणार नाही. नाही मोडली तर ती राहणार."

मला घाम फुटला असता, पण माझ्यावर रंग होता. ती नेमकी चिरेच्या टोकावर बसली होती.

"ही चाचणी आहे," बाई काकांना म्हणाल्या, "खेळ नव्हे." आणि रुमाल अंथरून, हेल्मेटचा पट्टा आवळून, दाताच्या डॉक्टरकडे बसावं तशा माझ्या दुसऱ्या टोकाला बसायला गेल्या. ते टोक कंबरेएवढं वर होतं. काकांनी हात दिला, मावशीनं जरा अंग उचललं, बाई कशाबशा चढल्या. मावशी पुन्हा बसली.

आणि ढब्बी वर गेली.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा! तिचा एक बूट पायातून सुटून गवतात पडला. हेल्मेट नाकावर आलं. तिनं कडी गच्च धरली आणि किंचाळायला तोंड उघडलं, पण मावशीनं भिंतीकडे बोट दाखवलं. मुलं झोपलेली. ढब्बीनं किंकाळी गिळली.

"झाली चाचणी. खाली घे."

"नियम?"

"कुठला नियम?"

"वरचीनं खरं बोलायचं."

ढब्बीच्या चेहऱ्यावर जे काही झालं ते हेल्मेटमुळे मला अर्धंच दिसलं. पण कडीवरचे हात घामेजले, ते कळलं.

"काका, ह्यांना उठवा."

"मला रंगाचं तेवढं सांगितलंय, मॅडम," काका म्हणाले, आणि बाकावर जाऊन सावलीत नीट बसले.

"सोप्यापासून सुरू करते," मावशी म्हणाली. "माझं वासाचं खोडरबर कुणी घेतलं होतं?"

"काडी, आपण काय लहान आहोत का?"

मावशी पाय पसरून गवत उपटू लागली.

"मी घेतलं होतं," ढब्बी म्हणाली. "आणि खाल्लं. थोडंसं. वास इतका छान होता."

"खाल्लंस?" मावशीच्या पोटातून हसू आलं ते माझ्या पोटातून गेलं आणि ढब्बी वरच्या वर हलली. "अगं, मी शेजारच्या पोराला त्यासाठी बदडलं होतं!"

"माहितीये. बघत होते मी."

मग मावशी हसायची थांबली. "पाळणाघराच्या पहिल्या दिवशी तुला बोलावलं होतं. दोनदा फोन केला. का नाही आलीस?"

"मीटिंग होती."

मी कुणाचं मन वाचू शकत नाही. पण वर बसलेल्यानं खोटं सांगितलं की तो कडी थोडी सोडतो, हे मला ठाऊक आहे. मावशीलाही ठाऊक असावं. ती हलली नाही.

तेवढ्यात ढब्बीच्या खिशात फोन वाजला. तिनं एका हातानं कडी आणि एका हातानं फोन असा काहीतरी मेळ घातला.

"हो सर... साइटवरच आहे सर... नाही, आवाज वाऱ्याचा आहे. जरा उंचावर आहे... म्हणजे वरून पाहणी करतेय... सी-सॉ? नाही सर, अजून काढायला नाही सांगितला. चाचणी चाललीय... लवकर होईल का ते..." तिनं खाली पाहिलं. मावशीनं मान हलवली. "माझ्या हातात नाहीये सर."

फोन ठेवला. बाकावर काका टोपीनं तोंड झाकून बसले होते आणि टोपी हलत होती.

ढब्बीनं हेल्मेटचा पट्टा सोडला. मग हेल्मेट काढून तिनं मांडीवर घेतलं.

"आले होते मी," ती म्हणाली. "त्या दिवशी. त्या कोपऱ्यापर्यंत. फुलंसुद्धा आणली होती. तू दारात उभी होतीस, तीन पोरं अंगावर लटकलेली, आणि हसत होतीस. आपण हसायचो ना, पोट दुखेपर्यंत, तशी. आणि मला वाटलं, हिच्यासमोर जाऊन मी उभी राहिले आणि मला तसं हसताच आलं नाही तर? मला येत नाही गं आता. मी घरी सगळे कोपरे तपासून झोपते. हसायचं म्हटलं तर आधी कशाला धरायचं ते बघते. म्हणून परत गेले. फुलं ऑफिसच्या टेबलावर ठेवली. सगळ्यांना वाटलं माझा वाढदिवस आहे. केकसुद्धा आणला त्यांनी."

"मग?"

"मग काय, कापला."

मावशी बघत राहिली. तिच्या तोंडून आधी एक विचित्र आवाज आला, अर्धा रडण्याचा, आणि मग तो केक तिला दिसला असावा, कारण दुसरा अर्धा हसण्याचा झाला. "कापलास? खोटा वाढदिवस?"

"मेणबत्तीपण विझवली," ढब्बी म्हणाली, आणि तिच्याच घशातून एक फुर्रकन आवाज निघाला. तिनं घाबरून स्वतःचं तोंड दाबलं.

हसता हसता मावशीनं जमिनीवर पाय आपटले. तिचं टोक उचललं गेलं, ढब्बी खाली आली, तिचा मोज्यातला पाय गवताला लागला. चाचणी संपली होती. उतरायचं, बूट घालायचा, जायचं. पण पाय जमिनीला लागला की रेटा द्यायचा, हे पायांना आठवत होतं. ढब्बीनं विचार करायच्या आत पायांनी रेटा दिला.

वर! मग मावशी वर. मग ढब्बी. हेल्मेट मांडीवरून निसटून गडगडत गेलं. मावशीचे केस सुटले. आधी दोघी दातओठ दाबून हसत होत्या, मुलं झोपलेली म्हणून, पण हसू असं दाबलं की ते नाकातून येतं, आणि नाकातून आलेलं ऐकून समोरची जास्त हसते. शेवटी ढब्बी मोठ्यांदा ओरडली, "अजून जोरात, काडे, अजून!" आणि बागेतले सगळे पक्षी एकदम उडाले.

भिंतीवर एकेक डोकं उगवायला लागलं. विस्कटलेले केस, गालावर उशीचे वळ.

"मावशी खेळतेय!" एक जण म्हणाला.

"आम्हाला झोपायला सांगून," दुसरी म्हणाली. तिच्या आवाजात भयंकर अन्याय होता.

मी काय करत होते, ते सांगते. मी आयुष्यात पहिल्यांदा भ्यायचं विसरले होते. उंची नाही, आपटणं नाही, नुसता वारा. टेबल होऊन मी काय मिळवलं असतं? वर ताटं आणि खाली मांजर!

आणि तेव्हाच चीर सरकली.

आवाज नाही झाला. मला आतून कळलं. केसाएवढी होती ती बोटाएवढी झाली. अजून काही वेळ मी तग धरला असता, दहा वेळा, वीस वेळा, सांगता येत नाही. दोघी दमून आपोआप थांबल्या असत्या तर चाचणी पास. फुली अर्धीच राहिली असती, टेम्पो आला नसता, आणि मी राहिले असते. फक्त गप्प बसायचं होतं. तेवढं तर मला छान जमत होतं.

पण काडी वर होती. डोळे मिटलेले, हात सोडलेले. त्या उंचीवरून ती पडली असती तर लागलं असतं, आणि समोरची पुन्हा कधी कशावर बसली नसती.

मी दचकले की नेहमी गप्प होते. त्या दिवशी पहिल्यांदा ओरडले.

कर्रर्रर्र!

"थांब!" ढब्बी म्हणाली. एका क्षणात अधिकारी बाई झाली. "काडी, हलू नकोस. कडी धर. उडी मारायची नाही. काका, खांबापाशी या, फळी धरा. मी उठणार नाही, मी उठले तर ती आपटेल. हळू." आणि पायांवर भार पेलत, इंच इंच वर येत, तिनं काडीला खाली आणलं. एवढं सावकाश मला कुणीच कधी वाकवलं नव्हतं. त्या वेळच्या तिच्या "हळू"नं सगळी बाग हळू झाली.

मग ती गवतात पालथी पडली आणि माझ्या खाली पाहिलं. नखानं रंग खरवडला.

"चीर आहे," ती म्हणाली. "जुनी."

मावशी खाली बसली. जरा वेळानं हळूच म्हणाली, "नाही दिसली असं म्हण ना."

"पोरं बसतात हिच्यावर, काडे."

दोघी माझ्याकडे बघत होत्या. ढब्बीनं काकांकडून कुंचला घेतला. आधी तळहात माझ्यावर ठेवला, मघाशी जिनं माझ्याकडे बघितलंही नव्हतं तिनं, आणि मग दुसरी रेघ ओढली. खरं सांगते, पहिल्या रेघेइतकी ती थंड नव्हती.

मग तिनं फोन लावला. "सर, फळी काढायला सांगतेय. नाही, सी-सॉ नाही काढायचा. खांब दणकट आहे, बोल्ट दणकट आहे, नवी फळी पाठवा. जरा रुंद... हो सर, नियमाप्रमाणे वजन टाकून चाचणी केली. नाही, पोती नव्हती, दुसरं वजन होतं... किती वजन?" तिनं मावशीकडे पाहिलं. मावशी दोन्ही हात जोडून नकारार्थी मान हलवत होती. "ते नाही सांगता येणार सर. खाजगी बाब आहे."

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला, पण मी त्यात चढले नाही. मावशीनं मला मागून घेतलं. चीर पडलेलं टोक सुतारानं कापून टाकलं, उरलेल्या मला चार पाय लावले, आणि पाळणाघराच्या ओसरीवर बाक म्हणून ठेवलं. लाल फुली आहे अजून. मुलांना वाटतं, ती बसायची खूण आहे. तिच्यावर बसण्यासाठी रोज मारामारी होते.

बागेत नवी फळी आली आहे. निळी, रुंद, आणि जरा शिष्ट. ढब्बी दर रविवारी येते. हेल्मेट मुलं घालतात, ती बूट काढून ठेवते. ओसरी उंच आहे, भिंतीवरून मला सगळं दिसतं. वाईट वाटतं का? वाटतं. टेबल व्हायचं होतं आणि बाक झाले, म्हणजे जवळजवळ मनासारखंच झालं. पण दुपारी वारा सुटला की माझं कापलेलं टोक अजून वर जायला बघतं.

परवा खेळून दमल्यावर दोघी माझ्यावर येऊन बसल्या. समोरासमोर नाही, शेजारी शेजारी. काडी टेकली तशी मी तिच्या बाजूला कलले. ढब्बी टेकली तशी तिच्या बाजूला. पुन्हा काडी हलली, पुन्हा मी. खटक, खटक. सुतारानं एक पाय आखूड बसवला होता.

"अरे हो, राहून गेलं ते," पाळणाघराच्या कामाला आलेला सुतार दारातून म्हणाला. "पायाखाली पाचर मारून देतो. अर्ध्या मिनिटाचं काम."

मी खटकायची थांबले. माझ्यावर अख्ख्या भागातल्या बागा तपासणारी बाई बसली होती. डुगडुगणारा बाक! तिनं खाली वाकून आखूड पाय पाहिला. बोटानं फट मोजली. मग सरळ झाली आणि अंगाचा भार हळूच काडीकडे टाकला. खटक. काडीनं तिच्याकडे टाकला. खटक.

"राहू दे," ढब्बी म्हणाली.

तर मी अशी आहे. या कधी ओसरीवर. घाबरत आलात तरी चालेल, मीही घाबरतेच. पण एकटे येऊ नका. एकटं माणूस बसलं की मी एका बाजूला कलते आणि तशीच गप्प राहते. शेजारी कुणी बसलं, तरच पुढचं काही होतं.